चावी दुसऱ्या खाचेत

एक

कॅमेऱ्याची खाच रिकामी होती.

थोरलीनं पुन्हा एकदा नखानं चाचपून पाहिलं. आरशाच्या मागे, पुढच्या काचेला आगपेटीएवढा कॅमेरा चिकटवलेला होता. त्याच्या पोटात नखाएवढं एक कार्ड असतं. गाडीपुढचं चित्र आणि गाडीतला आवाज, दोन्ही त्यावर साठतं. ते कार्ड जागेवर नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी याच गाडीत, याच सीटवर मान मागे टाकलेल्या अवस्थेत तिचे वडील गेले होते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान कधीतरी. जेवण झालं की वर्कशॉपचं शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढायचं आणि मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या जुन्या गाडीत जाऊन आडवं व्हायचं, हा त्यांचा बारा वर्षांचा नेम. "पडल्या पडल्या एकटाच बडबडत असायचा," असं त्यांचे जुने मिस्त्री अंत्यविधीच्या दिवशी सहज बोलून गेले होते. ते वाक्य थोरलीच्या मनात काटा मोडावा तसं राहिलं. काय बडबडायचे? कुणाबद्दल? त्या शेवटच्या दुपारी आपलं नाव तरी निघालं होतं का?

एवढंच ऐकायला ती सहा तास बसमध्ये बसून आली होती.

"ताई, काय शोधतेयस?"

धाकटी गाडीच्या दाराशी उभी होती. अंगात वडिलांचाच निळा डगला, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तो डगला आपल्याला कुणी देऊ केला असता तर आपण कधीच घातला नसता, हे थोरलीला माहीत होतं. तरी तो धाकटीच्या अंगावर पाहून तिनं नजर पुन्हा कॅमेऱ्याकडे वळवली.

"कॅमेऱ्यातलं कार्ड कुठंय?"

"मला काय माहीत?" धाकटीनं हातातला टेस्टर खिशात खोचला. "आणि असून काय उपयोग? गाडी बंद होती. गाडी बंद, कॅमेरा बंद. त्यात काही नसणारच."

"मग काहीच नसलेलं कार्ड कुणी कशाला काढून नेईल?"

धाकटी वळून कामाला गेली. थोरलीनं गाडीतच बसून आत्याला फोन लावला.

दोन

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात तिची तीस वर्षं गेली होती. गाडी बघायच्या आधी ती मालकाचं तोंड बघायची, आणि दोघांमधलं कोण जास्त ठोकलं गेलंय ते ओळखायची. आता गुडघे वाकत नव्हते, बाकी सगळं शाबूत होतं. वर्कशॉपमध्ये आल्या आल्या तिनं बॅटरीचा एक रिकामा खोका उलटा करून घेतला आणि त्यावर अशी बसली की आता उठेल ती निकाल लावूनच.

"तू वाक," ती थोरलीला म्हणाली. "स्टिअरिंगच्या खाली बघ. कॅमेऱ्याची वायर कुठे जाते?"

"फ्यूजच्या पेटीकडे. मध्ये एक काळी डबी आहे."

"तो कट-ऑफ. वायरीवर पिवळी पट्टी आहे?"

"आहे."

"वेढे किती?"

"दोन."

आत्यानं मान डोलावली.

थोरलीला त्या पट्टीचा अर्थ लागला नाही. तिनं हे काम शिकायचं लहानपणीच नाकारलं होतं. शाळेतली बक्षिसं, पुस्तकं, नंतर प्रकाशकाकडे मुद्रितं तपासण्याची नोकरी, हा तिचा रस्ता. वडिलांची ख्याती वेगळीच होती. गाडीची चावी काढल्यावरही ज्या गोष्टी चालायला हव्यात, त्या फक्त त्यांनीच लावाव्यात असं लोक म्हणायचे. गुरांच्या डॉक्टरला गाडीत लशींचा फ्रिज लागायचा, टॅक्सीवाल्याला डुलकीपुरता पंखा, फिरत्या छायाचित्रकाराला दिवे. सगळ्यांना एकच भीती, परत येऊन चावी फिरवली आणि गाडी उठलीच नाही तर? वडिलांची त्यावर एकच अट होती. मी जे लावीन ते सगळं कट-ऑफच्या मागे. बॅटरी ठरावीक पातळीखाली उतरली की ती काळी डबी टक करून सगळं बंद करणार, आणि गाडी सुरू होण्यापुरता जीव राखून ठेवणार.

"पट्टीचा एक वेढा," आत्या म्हणाली, "म्हणजे चावी असेल तरच चालणारी वायर. दोन वेढे म्हणजे चावी काढली तरी जिवंत. पुढच्या कारागिराचा हात भाजू नये म्हणून माझ्या भावानं लावलेली शिस्त. तुझा कॅमेरा जागा होता गं त्या दुपारी."

"म्हणजे छोटी खोटं बोलली?"

"ऐकून तुला बरं वाटलं का?" आत्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. थोरलीचे कान तापले. खरंच बरं वाटलं होतं.

"मला कार्डाचं एवढं नवल नाही," आत्या पुढे म्हणाली. "त्याला दवाखान्यात नेलं गिऱ्हाइकाच्या गाडीतून. का? तर याच्या गाडीची बॅटरी ठार मेलेली. जन्मभर दुसऱ्यांच्या बॅटऱ्या वाचवणारा माणूस, समोर कट-ऑफ लावलेला, आणि त्याचीच बॅटरी बसली? ती कुणी मारली ते आधी शोधू. कार्ड त्याच माणसाच्या खिशात असेल."

तीन

ते जुने मिस्त्री म्हणजे फ्यूजकाका, वडिलांचे तीस वर्षांचे सोबती. लवकर उडतात म्हणून हे नाव पडलेलं. दुसऱ्या दिवशी आत्यासमोर मात्र ते हात मागे बांधून उभे राहिले.

"अक्का, कॅमेरा मी लावलाय, माझ्या हातानं. चावी काढली की झोपतो. लिहून देतो."

"जा, वाकून बघ."

काका वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"ही पट्टी माझी नव्हे. त्यानं नंतर बदललंय. मला सांगितलंसुद्धा नाही." त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि हात स्वच्छ असूनही पुसत राहिले. "मला कशाला सांगेल? बोर्ड रंगवला तेव्हा तरी कुठे विचारलं? तीस वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावला मी. बोर्डावर त्याचं नाव, त्याखाली पोरीचं. मी काय खिळा होतो, बोर्ड टांगायचा?"

बोर्डाचं नाव निघताच थोरलीनं मान वळवली. तीन वर्षांपूर्वी त्याच बोर्डाचा फोटो वडिलांनी तिला हौसेनं पाठवला होता. तिनं तो बोटांनी मोठा करून चारही कोपरे पाहिले होते. कुठेतरी बारीक अक्षरांत तरी आपलं नाव आहे का? नव्हतं. त्यानंतर तिनं त्यांचा फोन उचलला नव्हता.

"त्या दुपारी होतास कुठे?" आत्यानं विचारलं.

"टेकडीखाली ट्रक बंद पडला होता, तिकडे. एक वाजता गेलो, सव्वाचारला त्याच ट्रकमधून परत आलो. ड्रायव्हरला विचारा."

"सकाळीच विचारलं. तू त्याला वाटभर शिव्या दिल्यास म्हणे. बरं, आल्यावर गाडी सुरू करायला कोण बसलं? तूच ना?"

"मीच."

"चावी कुठे होती?"

काकांनी शटरकडे पाहिलं. धाकटी बाहेर एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"अक्का, हे मी कुणाला बोललो नाही. चावी दुसऱ्या खाचेत होती. आणि ब्लोअरचं बटण चारवर."

"म्हणजे?" थोरलीनं विचारलं.

"म्हणजे चावी इंजीन सुरू व्हायच्या एक घर आधी थांबवलेली, आणि गाडीचा स्वतःचा मोठा पंखा पूर्ण जोरात लावून ठेवलेला, इंजीन बंद असताना. तो कंपनीचा, तो कट-ऑफला जुमानत नाही. तासा-दीड तासात जुनी बॅटरी पिऊन टाकतो. मला वाटलं, म्हातारा शेवटी चुकला. लोकांना ज्या चुकीवरून फाडून खायचा तीच केली. बाहेर कळलं असतं तर हसले असते त्याला. म्हणून मी चावी काढली, बटण शून्यावर आणलं आणि तोंड शिवलं."

ज्यानं आपल्याला बोर्डावर घेतलं नाही त्याचीच अब्रू राखायला हा माणूस तीन आठवडे गप्प बसला होता. थोरलीला एकदम स्वतःची लाज वाटली.

"तो चुकला नाही रे," आत्या हळूच म्हणाली. "रोज दुपारी तो जो वारा घ्यायचा, तो सीटजवळच्या छोट्या पंख्याचा. त्याला चावी लागतच नाही. त्याची चावी कायम शर्टाच्या खिशात. ती कुणीतरी खिशातून काढली, आणि तो समोर असताना काढली. त्या दुपारी माझा भाऊ एकटा नव्हता."

चार

धाकटीचा नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. दारात इंजीन चालू ठेवूनच तो आत आला.

"बंद कर आधी ते," आत्या म्हणाली.

"दोन मिनिटांचं तर काम, आत्याबाई. एसी जातो मग."

"बंद कर."

तो बंद करून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. माणूस हसतमुख होता, पण सासऱ्याचा विषय निघाला की ते हसू एका बाजूला झुकायचं.

"खरं सांगू? आमच्या घरात सकाळी बाबा, दुपारी बाबा, जेवताना बाबा. बाबांनी रिले असा जोडला, बाबांनी वायर अशी सोलली. मी एकदा म्हटलं, अगं, मलापण एक कट-ऑफ बसव, म्हणजे हे ऐकताना आपोआप बंद पडेन. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

"त्या दुपारी इकडे आला होतास?"

"आलो होतो, तीनला. शाळा सुटायच्या आधी. म्हटलं, बघावं कुठे आहे ही. शटर अर्धं खाली. आतून नुसता सूं सूं वारा ऐकू येत होता. गेलो निघून."

"ती आत नव्हती?"

"ती पार्ट्सच्या दुकानात होती ना. चारला आली. तिनंच सांगितलंय सगळ्यांना."

"व्हॅन कुठे लावली होतीस?"

"पलीकडे, रस्त्यावर."

"दारातल्या झाडाखाली का नाही? आत्ता तर तिथेच लावलीस."

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. आत्या वाट पाहत राहिली. या वाट पाहण्यानं तिनं तीस वर्षं भल्याभल्यांना घाम फोडला होता.

"झाडाखाली एकच गाडी मावते," ती म्हणाली. "तिथे आधी काय उभं होतं?"

"तिची स्कूटर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, बसलेत बापलेक गप्पा मारत. नेहमीप्रमाणे. मग मी कशाला मध्ये जाऊ? माझं डोकंच फिरलं. शटर वर केलं असतं, नुसता हात लावला असता तरी..." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ताई, तिला काही बोलू नका. ती रोज अंघोळीच्या वेळी नळ सोडून रडते. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही."

पाच

शटर पूर्ण खाली होतं. आत चौघंच होती. आत्या खोक्यावर, फ्यूजकाका टेबलापाशी, थोरली गाडीला टेकून आणि समोर धाकटी.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," आत्या म्हणाली. "कुणीतरी माझ्या भावाच्या खिशातली चावी काढून दुसऱ्या खाचेत घातली आणि ब्लोअर लावला. का? त्याला घाम फुटला होता म्हणून. तुझा नवरा असता तर त्यानं सरळ इंजीन सुरू करून एसी लावला असता. तो शाळेच्या दारातसुद्धा इंजीन बंद करत नाही. ज्यानं चावी फिरवली तो मात्र दुसऱ्या खाचेवर थांबला. शटर अर्धं खाली असताना आत इंजीन चालवायचं नाही, धूर कोंडतो, हे ज्याच्या हातात भिनलंय असाच माणूस घाबरला असतानाही तिथे थांबेल. असे या वर्कशॉपात दोघं. एक ट्रकखाली झोपला होता."

धाकटीनं डगल्याची दुमडलेली बाही आणखी वर ओढली.

"आणि कार्ड. काकांना वाटत होतं कॅमेरा झोपलाय. तुझ्या नवऱ्याला कॅमेरा दिवसभर चित्र काढतो की माश्या मारतो, काही पत्ता नाही. पट्टीचे दोन वेढे आधीच पाहिलेली तू एकटी. मला एकच कळलेलं नाही. तू त्याला वारा घातलास, त्याच्याजवळ बसलीस. यात लपवण्यासारखं काय होतं?"

मग धाकटीनं डगल्याच्या आतल्या खिशातून कागदाची एक घडी काढली. घडीत कार्ड होतं. तीन आठवडे ते तिच्या अंगावरच होतं.

"मी सव्वादोनला परत आले," ती म्हणाली. "बाबांना घाम आला होता. म्हणाले, जड वाटतंय, पण बरं आहे, तू बस. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर चिडले. मी ब्लोअर लावला. त्यांना डुलकी लागली, मग जाग आली, मग परत लागली. मी शेजारच्या सीटवर होते. जरा पडू दे त्यांना, म्हटलं. आणि नंतर मी खिडकीकडे तोंड करून बसले."

"खिडकीकडे का?"

"ऐका म्हणजे कळेल," ती म्हणाली, आणि कार्ड आत्याकडे न देता तिनं थोरलीच्या तळहातावर ठेवलं. "तुझंच आहे ते. म्हणून तर लपवलं."

सहा

फ्यूजकाकांनी कार्ड टेबलावरच्या संगणकात घातलं. पडद्यावर नुसती वर्कशॉपची भिंत होती आणि तिच्यावर टांगलेल्या वायरी. आवाज मात्र स्वच्छ होता. आधी वाऱ्याचा. मग वडिलांचा.

"मोठे, आलीस?"

थोरलीनं टेबलाची कड धरली. मोठे, ही हाक फक्त तिची होती.

"बाबा, मी आहे," धाकटीचा आवाज.

"हं. बस, मोठे. किती दिवसांनी." श्वासाचा आवाज. "रागावलीस ना बोर्डावरून?"

मध्ये नुसता वारा वाहत राहिला. इतका वेळ, की आत्यानं मान वर करून पाहिलं. मग धाकटीचा आवाज आला, एकदम लहान झालेला.

"नाही, बाबा. नाही रागावले."

"तुला कशाला गं बोर्ड? तू जाशील तिथे निभावून नेशील. छोटीचं तसं नाही, तिचा जीव इथेच आहे. पण हात काय आहे तिचा! माझ्याहून स्वच्छ काम. मी मागून उभा राहून बघतो तिला. तिला सांगू नकोस हं. डोक्यावर बसेल."

"नाही सांगत."

फ्यूजकाकांनी फडकं तोंडाला लावलं. थोरलीनं बहिणीकडे पाहिलं. धाकटी भिंतीकडे बघत होती, जसं काही ते सगळं तिथे लिहिलेलं होतं.

"तीस वर्षं वाट बघितली मी ते ऐकायला," ती म्हणाली. "आणि मला शेजारी बसवून माझं कौतुक कुणाला सांगितलं, तर तुला. तेव्हा मी तोंड फिरवलं, आणि ते पुढे बोलत राहिले तरी तशीच बसून ऐकलं. डोळे पुसून परत वळले तेव्हा..." तिनं वाक्य सोडून दिलं.

टेबलावरून वडील अजून बोलत होते. मध्येच थांबत होते, झोपत होते, पुन्हा जागे होत होते. एका डुलकीनंतर आवाज अगदी जवळ आला, ते कुशीवर वळल्यासारखा.

"ऐक, मोठे. एक सांगायचं राहिलंय तुला. ते त्या वेळी मी..."

टक.

पडदा काळा झाला. काकांनी दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं.

"तीन वाजून आठ मिनिटं," ते म्हणाले. "कट-ऑफ पडला. ब्लोअरनं बॅटरी खाली ओढली, त्यानं कॅमेरा झोपवला. नेमाप्रमाणे."

थोरलीला आधी राग आला तो त्या काळ्या डबीचा. मग तिच्या लक्षात आलं आणि ती बहिणीकडे वळली.

"कॅमेरा झोपला. तू नाही."

"नाही."

"पुढे काय म्हणाले?"

"बरंच म्हणाले. मग झोपले."

"सांग ना मग!"

"सांगेन," धाकटी म्हणाली. "खरं तेच सांगेन, माझी शपथ. पण आज नाही." ती बहिणीकडे सरळ बघत होती. "जे जे तुझ्याकडे होतं, ते सगळं मला हवं होतं, ताई. तुझी बक्षिसं, तुझी पुस्तकं, तुझी ती हाक. रोज मी इथे त्यांच्या शेजारी उभी, आणि ते मात्र तुझ्याशी बोलत. आता पहिल्यांदा तुझं काहीतरी माझ्याकडे आहे. थोडे दिवस राहू दे."

थोरलीच्या मनात एका क्षणात बरंच काही येऊन गेलं. आपला राग हिनं आपल्या वतीनं सोडून दिला. आपल्या बापाचा निरोप हिनं घेतला. 'नाही रागावले' हे आपण कधी म्हटलं असतं की नाही कुणास ठाऊक, पण ते म्हणायचा हक्क आपला होता, आणि तोही हिनं वापरून टाकला. तिला बहिणीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की हिनं ते म्हटलं नसतं तर बाबा उत्तर न ऐकताच गेले असते.

"पाचची बस आहे ना तुझी?" धाकटीनं विचारलं.

"होती," थोरली म्हणाली. "तुला किती दिवस लागतील?"

"माहीत नाही."

"मग तू सांगेपर्यंत मी इथून हलत नाही."

"इथे थांबून करणार काय? तुला फ्यूज कुठला आणि रिले कुठला, एवढं तरी कळतं?"

"नाही कळत. शिकव."

धाकटीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, इस्त्रीची बाही, स्वच्छ नखं, सगळं.

"घड्याळ काढून ठेव आधी," ती म्हणाली. "बॅटरीला हात लावताना हातात धातू चालत नाही."

थोरलीनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.